पेण-रोहा मार्गावरचे चार लेखक

आमच्या ग्रुपचे किस्से मी कधी मुद्दाम जमवले नाहीत. मोबाईलमध्ये फोटो साठतात तसे ते साठले. डिलीट करायला बसावं तर एकेक बघण्यातच दुपार जाते, आणि शेवटी एकही डिलीट होत नाही!

ग्रुप म्हणजे आम्ही चौघं. वय पंचविशीच्या आसपास. मी नीलम, राहते पेणला, नोकरी रोह्याच्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये. समीर रोह्याचा, त्याचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. अक्षता जोह्याची, घरच्या कारखान्यात गणपतीचे डोळे आखते. आणि दीपेश, धरमतरच्या जेट्टीवर सुपरवायझर. चौघांनाही लिहायचं वेड.

ओळख झाली ती शहरातल्या एका लेखन कार्यशाळेत. तिथे शिकवायला आलेल्या सरांनी एकेकाला गाव विचारलं. आमच्यावर आल्यावर म्हणाले, "पेण, रोहा... छान. पण तिकडे लिहिण्यासारखं काय असतं?"

आम्ही चौघंही गप्प बसलो. परतीच्या एसटीत मात्र कोणी गप्प बसेना! पेण यायच्या आत ठरलं, की दर महिन्याच्या पहिल्या रविवारी भेटायचं. एकदा पेणला, एकदा रोह्याला. प्रत्येकाने महिनाभरात डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं काहीतरी लिहून आणायचं.

हे ठरवणं सोपं होतं.

*

पहिल्याच रविवारी समीरने नियम मोडला. त्याने हिमालयावर कविता आणली. बर्फाची शिखरं, बर्फाची वाट, मनात बर्फ, डोळ्यांत बर्फ. वाचलीही छान, हात हलवून वगैरे.

बैठक त्याच्याच घरी होती. त्याचे वडील कुवेतला, म्हणून त्याला त्याच्या फुफीने, म्हणजे वडिलांच्या बहिणीने, वाढवलं. फुफी आमच्यासाठी चहा घेऊन दारात उभी होती. तिने शेवटपर्यंत ऐकलं, ट्रे खाली ठेवला आणि विचारलं,

"समीर, तू बर्फ कवा पायलास रे?"

समीर गोंधळला. "म्हणजे... पाहिलाय की."

"कुठं? पापलेटावर?"

आम्ही इतके हसलो की चहा गार झाला. समीरचं तोंड एवढंसं. पण गडी हट्टी! दुसऱ्या दिवशी सकाळी तो फुफीची पिशवी धरून मच्छी मार्केटला गेला. फुफी बर्फात हात घालून एकेक मासा उलटा करून बघत होती, आणि तिची बोटं लाल होऊन वाकेनाशी झाली होती. इतकी वर्षं तिने आणलेलं पापलेट खाल्लं, पण ती बोटं त्याने कधी पाहिली नव्हती.

ती कविता दिवाळी अंकात आली. शेवटची ओळ होती, 'बर्फ वितळला, फुफीच्या बोटांतला गारवा राहिला.' अंक फुफीच्या हातात दिला तर तिने कविता दोनदा वाचली आणि म्हणाली,

"हां. ह्यो बर्फ खरा."

*

माझं ऑफिस म्हणजे रोजचा पेण-रोहा प्रवास. सकाळच्या गाडीत नागोठण्याला दोन बायका चढायच्या. दोघी एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायला. त्यांतल्या सरलाताई रोज मैत्रिणीला सासूची एक तरी गोष्ट सांगणारच. मी पुढच्या सीटवर. कान मागे.

एके दिवशी त्या म्हणाल्या, "काल मला ठसका लागला. म्हातारीला म्हटलं, पाणी द्या. तिनं काय दिलं? फणी!"

मी ताठ झाले. तहानलेली सून पाणी मागते आणि सासू तिच्या हातात फणी ठेवते! केवढा छळ! केवढं प्रतीक! लॅबमध्ये दिवसभर टेस्ट ट्यूबमध्ये मला फणीच दिसत होती. दोन दिवसांत कथा तयार. सासू जुलमी, सून मुकी, शेवटी सून ती फणी मोडते.

तिसऱ्या दिवशी गाडीला गर्दी. सरलाताई नेमक्या माझ्या शेजारी बसल्या. मी वहीत दुरुस्त्या करत होते. नागोठणं सोडून बराच वेळ झाला तरी मैत्रिणीशी गप्पा नाहीत, म्हणून मान वळवली, तर बाई माझ्या खांद्यावरून वाचतायत!

"माझीच सासू ना ही?"

मी पटकन वहीवर हात ठेवला.

"आगो बाय, छळ कसला? बहिरी हाय ती!"

मागच्या सीटवरची मैत्रीण फिदीफिदी हसायला लागली. मला वाटलं, रोहा यायच्या आधीच उतरावं. सरलाताई मात्र रागावल्या नाहीत. त्यांनी माझ्या वहीवर बोट ठेवलं.

"लिवतंस तं नीट लिव. माझ्या तिन्ही बाळंतपणांत हिनंच माझं सगळं केलं. आता तिला ऐकू येत नाय, म्हनून मी मोठ्यानं बोलतो, आनि लोकांना वाटतं आमी भांडतो. ते लिव."

मी कथा फाडली आणि पहिल्यापासून लिहिली. आता त्यात फणी मोडत नाही. सून ती फणी घेते आणि सासूचे केस विंचरायला बसते. आजवर मी जिथे जिथे वाचलंय, तिथे लोकांनी हीच कथा पुन्हा मागितली आहे.

*

मग एकदा आमच्या डोक्यात आलं, की आपण नुसते वाटेवरचेच विषय उचलतो, मुद्दाम कुठेतरी जायला पाहिजे. दोन बाईक काढल्या आणि गागोदे बुद्रुकला गेलो. थंडीचे दिवस, भात कापून झालेलं आणि शेतात वाल आलेला.

एक आजोबा शेतात वाकून शेंगा तोडत होते. दीपेशने बांधावरूनच आवाज दिला,

"आजोबा, इथली एखादी गोष्ट सांगा ना! आम्ही लिहितो."

आजोबांनी आमच्याकडे बघितलं. चार गॉगल, चार वह्या.

"गोष्ट अशी उभ्याउभ्या मिळत नाय. खाली या. शेंगा तोडा."

उतरलो. अर्ध्या तासात कमरेचे काटे ढिले झाले. आजोबा मधूनमधून नुसतं "ती कोवळी हाय, राहू दे" एवढंच बोलत. समीरच्या पायाला काहीतरी चावलं, अक्षता ढेकळांत अडखळून पडली, दीपेशची आणि माझी कोणाची टोपली आधी भरते यावरून पैज लागली. आजी डोक्यावर भाकरीचं टोपलं घेऊन आल्या. आम्हाला बघून आजोबांना म्हणाल्या, "ही कोनाची पोरं पकडून आनलीस?"

दुपारी जेवून, हात धुऊन मी धीर करून विचारलं, "आजोबा, ती गोष्ट?"

"ती काय, आता झाली ती!"

*

दीपेशचं जेट्टीवरचं प्रकरण वेगळंच. धरमतरच्या खाडीत बार्ज लागतात, माल उतरतो, दिवसभर धूळ आणि आरडाओरडा. दीपेशच्या खिशात छोटी डायरी. क्रेनच्या हुकवर बगळा बसला, की डायरी बाहेर. दोन खलाशी वेगवेगळ्या भाषेत भांडतायत आणि दोघांनाही एकमेकांची शिवी कळत नाही, की डायरी बाहेर.

कामगारांचा समज झाला की हा नावं लिहून वरती देतो!

मग काय विचारता! दीपेशने खिशात हात घातला रे घातला, की सगळ्यांची हेल्मेटं डोक्यावर. बुटांच्या नाड्या बांधलेल्या. हँडग्लोव्ह्ज बाहेर. पलीकडच्या शेडमधले लोकही उठून उभे! महिन्याभराने सेफ्टी ऑफिसरने त्याला बोलावलं. दीपेश घाबरत गेला. ऑफिसर म्हणाले,

"मी चार वर्षं बोर्ड लावतोय, काही फरक नाही. तू काय लिहितोस मला माहीत नाही. पण लिहीत राहा!"

त्यातला एक खलाशी बिहारचा, रामधनी. एक दिवस भीत भीत जवळ आला. "साहब, मेरा नाम लिखा है क्या?"

दीपेशने खरं सांगितलं. "हां, लिखा है."

"क्या गलती हुई?"

दीपेशने डायरी उघडली आणि त्याला हिंदी करून वाचून दाखवलं. रामधनी रोज दुपारी गावाकडे व्हिडिओ कॉल लावतो. स्वतःचं तोंड दाखवत नाही. फोन पाण्याकडे धरतो, कारण त्याच्या चार वर्षांच्या मुलीला बाप कुठे राहतो ते पाणी बघायचं असतं. ती तिकडून पाण्याला हात करते. बस, एवढंच लिहिलं होतं.

रामधनी मान खाली घालून निघून गेला. दीपेशला वाटलं, दुखावला.

दुसऱ्या दिवशी तो डोक्याला तेल लावून, भांग पाडून, धुतलेला शर्ट घालून दीपेशसमोर येऊन उभा राहिला.

"आज भी लिखिए."

*

अक्षताला विषय शोधायला कुठे जावं लागत नाही. तिच्या घरच्या कारखान्यात आठ-दहा बायका कामाला. हात रंगात आणि कान मोकळे. अक्षता डोळे आखता आखता त्यांना आपली कथा तोंडीच सांगते. रोज थोडी थोडी. तिचे पहिले वाचक, संपादक, समीक्षक सगळे तिथेच!

एकदा तिने कल्पना नावाच्या नर्सची गोष्ट लावली होती. आठवडाभर बायका अगदी गुंतून गेल्या. आणि एका दुपारी अक्षताने कल्पनाला मारून टाकलं.

सुमनकाकूंनी ब्रश खाली ठेवला. "मेली?"

"हो काकू. कथेची गरज होती."

"आमची नवती गरज. ती मेली तं मी उद्यापासून येनार नाय!"

एकेक ब्रश खाली. दिवस कुठले, तर सीझनचे! गणपती महिन्यावर आलेले, अर्ध्या मूर्ती पांढऱ्याच. अक्षताचे बाबा आतून धावत आले. त्यांना आधी वाटलं मूर्ती फुटली. कळल्यावर त्यांनी लेकीपुढे हातच जोडले,

"आगो अक्षता, जगव गो तिला! अजून दोनशे मूर्ती रंगवायच्यात!"

अक्षताने तिथल्या तिथे कल्पनाला शुद्धीवर आणलं. काम सुरू झालं. पण लेखिका पक्की! स्पर्धेला कथा पाठवताना तिने मूळचा शेवट ठेवला. जिल्ह्याच्या स्पर्धेत दुसरा नंबर आला. बाबांनी सर्टिफिकेट फ्रेम करून कारखान्यात गणपतीच्या शेजारी लावलं. सुमनकाकूंनी ते नीट बघितलं, कथा कोणती ते विचारलं, शेवट कोणता ते विचारलं, आणि म्हणाल्या,

"बघ. जगली असती तं पयला आला असता!"

*

आता माझी फजिती. मला वाटायचं, मोठं लिहायचं तर मोठा प्रवास करायला हवा. एकटीने, पाठीवर सॅक टाकून. लॅबमधून सुट्टी काढली आणि थेट जैसलमेर गाठलं. ग्रुपवर मेसेज टाकला, 'वाळवंट घेऊन येते!'

चार दिवस वाळूत बसले. वाळू सुंदर होती. सूर्य सुंदर होता. वही कोरी होती.

शेवटच्या दिवशी एका ढाणीत, म्हणजे चार-पाच घरांच्या वस्तीत, चहा प्यायला थांबले. चहावाल्या बाईंनी विचारलं, कुठली? म्हटलं, समुद्राकडची. आमच्या घरापासून थोड्याच अंतरावर खाडी आहे, दिवसातून दोनदा पाणी वर येतं आणि दोनदा परत जातं.

"पीने का पानी?"

"नहीं, खारा है. पी नहीं सकते."

बाई चहा गाळता गाळता थांबल्या. "इतना सारा पानी, और पी नहीं सकते? तो रखा किसलिए है?"

 मी सुचेल ते सांगत सुटले. मीठ कसं पिकतं, मासे कधी येतात, चिखलातले खेकडे पोरं कसे पकडतात, उधाणाला बांध फुटला की भातशेतीचं काय होतं, आणि तो बांध घालायला अख्खं गाव चिखलात कसं उतरतं. त्यांनी जावेला बोलावलं, जावेने शेजारणीला. सात बायका माझ्याभोवती बसल्या. बांध फुटल्याचं ऐकून एकीने तोंडावर हात ठेवला. मी आयुष्यात पहिल्यांदाच माझी खाडी एवढी नीट बघितली होती, आणि तीही वाळूत बसून!

परतीच्या प्रवासात अकरा पानं लिहिली. रविवारी वाचली. दीपेशने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाला,

"एवढी लांब जाऊन तू आमच्या जेट्टीवर येऊन बसलीस? घरून रिक्षा केली असतीस तरी पोचली असतीस!"

पण तीच अकरा पानं वाढवून मी माझी पहिली दीर्घकथा लिहिली. ती छापून आली, तेव्हा एक प्रत त्या ढाणीच्या पत्त्यावर पाठवली. मराठी तिथे कोणाला येत नाही. तरी पाठवली.

*

हा शेवटचा किस्सा दीपेशला अजून माहीत नाही. इथे वाचेल तेव्हाच कळेल.

दीपेशचा एक लेख एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत आला. आमच्यातलं पहिलंच कोणीतरी तिथवर पोचलं होतं. लेख त्याच्या वडिलांवर. ते धरमतर खाडीत आयुष्यभर मासेमारी करत आलेले, शाळा कधी बघितली नाही. दीपेशने सकाळी सकाळी पुरवणी आणून त्यांच्या पुढ्यात उघडली. लेखाबरोबर छापलेलं होडीचं चित्र त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "होडी चुकीची काढलीय." दीपेश वाचून दाखवायला लागला, तर "आता नको, भरती चुकंल" म्हणून उठून गेले. पुन्हा तो विषयच नाही.

दीपेश आम्हाला हे सांगताना हसत होता, पण त्यानंतर दोन महिने त्याने काही लिहून आणलं नाही. "अक्षताच्या बापानं फ्रेम केली," तो एकदा म्हणाला. "माझ्याकडे काय, भरती!"

दीपेशच्या घरी मी कधी गेले नव्हते. त्याच्या वडिलांना पाहिलंही नव्हतं.

एका दुपारी मैत्रिणीची हळद आटोपून मी धरमतरच्या स्टॉपवर पेणच्या गाडीची वाट बघत होते. बाकावर एक म्हातारे काका बसलेले. उन्हाने रापलेले, डोक्याला रुमाल. माझ्याकडे बघून सरकले.

"पोरी, शिकलेली दिसतंस. जरा वाचून दावतंस काय? चष्मा घरी इसरलो."

त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून एक कागद काढला. घड्यांवर फाटलेला, मागून सेलोटेप लावलेला. मी उघडला. होडीचं चित्र. खाली दीपेशचं नाव.

मी घडी सपाट केली. वाचायला लागले.

"'बाबा खाडीला कधी नावाने हाक मारत नाहीत. नुसतं ती म्हणतात. ती आज रुसलीय. ती आज देईल...'"

काका समोर पाण्याकडे बघत होते. मी 'रुसलीय' म्हणायच्या आधी त्यांचे ओठ 'रुसलीय' म्हणून झाले होते.

"'बाबांच्या डाव्या हाताची करंगळी जाळ्याच्या दोरीत अडकून वाकडी झाली, ती झालीच. बाबा म्हणतात, होडी कुठे वळवायची ते हीच सांगते...'"

माझी नजर पिशवी धरलेल्या हाताकडे गेली. हात डावा होता, आणि करंगळी वाकडी.

पुढचा मजकूर मी कसा वाचला मला ठाऊक नाही. शेवटच्या परिच्छेदाशी येऊन मी थांबले. काकांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. जिथे मी थांबले होते तिथून त्यांनी पुढे सुरू केलं. कागद माझ्या हातात, आणि ते शब्दन् शब्द म्हणतायत, जिथे स्वल्पविराम तिथे थांबून.

"'मी जेट्टीवर काम करतो. मोठमोठे बार्ज बघतो. पण पाणी वाचायला मला बाबांनी शिकवलं, आणि जे काही मी लिहितो, ते त्या शाळेत शिकलोय.'"

मग ते माझ्याकडे वळले.

"बेस वाचतंस गो पोरी," काका म्हणाले. "कालचा कंडक्टर फार घाईत वाचत व्हता."

मी कागद घडी करून परत दिला. "कोणी लिहिलंय, काका?"

त्यांनी कागद पिशवीत घातला, पिशवीला गाठ मारली.

"हाय इकडचाच कोन तरी. लेखक."

गाडी आली. मी चढले, खिडकीची जागा मिळाली. गाडी हलता हलता एक बाईकवाला फोन घ्यायला स्टॉपपाशी थांबला. काका बाकावरून उठले, पिशवीची गाठ सोडली आणि त्याच्याकडे गेले.

"ओ सर, जरा वाचून दावता काय? चष्मा घरी इसरलो."